मोटार नव्हे, फळी वाजते

वाचकांचे प्रश्न : मॉडेल रेल्वे

रूळ जिथे फुटून गाडी दुसरीकडे वळते, त्या सांध्यांना सरकवणाऱ्या मोटारींच्या आवाजाविषयीची पत्रं बरेच दिवस साठली होती, म्हणून या वेळी सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. माझं आयुष्य मोटारी उघडण्यात आणि त्यांचं वाइंडिंग करण्यात गेलं. त्या कामात पाना उचलायच्या आधी कान लावायला शिकवतात. बहुतेक पत्रांत "फार आवाज येतो" एवढंच असतं, आणि तेवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही. घरघर आहे की गुणगुण, टकटक आहे की कर्रकर्र. सांधा सरकताना येतो की सरकून झाल्यावरही चालू राहतो. सगळ्या मोटारींना आहे की एकीलाच, हे लिहिलंत तर निम्मं निदान तुमच्या पत्रातच होऊन जातं. खालच्या वाचकांनी ते नीट लिहिलं आहे.

प्रश्न : ताई, माझा एचओ (१:८७ मापाचा) लेआउट १२ मिलिमीटरच्या प्लायवुडवर आहे. सांध्यांना टॉर्टस जातीच्या संथ मोटारी आहेत, १२ व्होल्ट डीसीवर चालतात. मोटार हातात धरून चालवली तर जेमतेम ऐकू येते. तीच फळीखाली स्क्रूने आवळली की खोलीभर घरघर. घरचे झोपल्यावर सांधा बदलायची सोय नाही. मोटारी खराब निघाल्या का?

उत्तर : मोटारी उत्तम आहेत. हातात शांत आणि फळीला लागताच बोलकी, याचा अर्थच असा की वाजतेय ती फळी. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर शेजारच्यालाही नीट ऐकू येत नाही, भोपळा जोडला की तीच खोली भरते. तुमच्या प्लायवुडने तो भोपळा व्हायचं काम पत्करलं आहे. मोटारीची आणि दातेरी चाकांची बारीक थरथर स्क्रूंमधून फळीत जाते आणि फळीचा एवढा मोठा पृष्ठभाग ती हवेत ढकलतो.

खात्री करून घ्या. कुणाला तरी स्विच इकडून तिकडे करत राहायला सांगा आणि तुम्ही मोटारीच्या बरोबर वर, रुळांच्या बाजूला, तळहात दाबून धरा. आवाजाची पट्टी बदलली किंवा तो दबला, तर दोष फळीचाच. मग हात उचलून फळीच्या मधल्या, खालून आधार नसलेल्या भागावर काहीतरी जड ठेवा आणि पुन्हा ऐका. कुठे ठेवल्यावर जास्त फरक पडतो ते खडूने खूण करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता उपाय. मोटार आणि फळी यांच्यात मऊ थर हवा, हे बहुतेकांना माहीत असतं. दोन-तीन मिलिमीटर जाडीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी लावतात, आणि मग "मोटार पडेल" या भीतीने त्यावरून चारही स्क्रू करकचून आवळतात. सगळी मेहनत तिथेच वाया जाते. फोम दबून कडक होतो, आणि खरं म्हणजे आवाज फोममधून जातच नाही, तो स्क्रूमधून फळीत जातो. स्क्रू हाच पूल आहे, आणि तो तोडायला हवा. मी असं करते : मोटार आधी तिच्यापेक्षा जरा मोठ्या, पातळ प्लायच्या तुकड्यावर घट्ट बसवते. त्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांना स्क्रूच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट भोकं पाडते आणि त्यांत रबरी बुश घालते, तारा पत्र्यातून नेताना लावतात तसले. मग स्क्रू बुशमधून फळीत घालून, डोक्याखाली रबरी वायसर ठेवून, फक्त टेकेपर्यंत फिरवते. स्क्रूचा धातू प्लायच्या तुकड्याला कुठेही लागता कामा नये. बसवून झाल्यावर मोटारीला बोटाने हलकेच ढकला. ती किंचित डुलली पाहिजे आणि सोडल्यावर जागेवर आली पाहिजे.

"इतकी सैल ठेवली तर सांधा नीट लागेल का?" असं विचाराल. या जातीच्या मोटारीला चालतं, कारण ती थ्रोबारला, म्हणजे सरकत्या रुळांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीला, स्प्रिंगच्या तारेने ढकलते आणि सांधा सरकून लागल्यावरही त्याच बाजूला दाब देत उभी राहते. मोटार अर्धा मिलिमीटर डुलली तर तेवढं तार पोटात घेते. सोलेनॉइडच्या मोटारीला, म्हणजे कॉइलमधून वीज सोडून लोखंडी दांडा झटक्यात ओढणाऱ्या मोटारीला, मात्र हे चालत नाही. तिचा धक्का मऊ बैठकीतच जिरेल आणि सांधा अर्ध्यात राहील.

एवढ्याने भागलं नाही तर व्होल्टेज उतरवा. १२ व्होल्ट ही या मोटारीची कमाल मर्यादा आहे, तितके दिलेच पाहिजेत असं नाही. ९ व्होल्टवर ती आणखी सावकाश फिरते, आवाजाची पट्टी खाली येते आणि सांधा तरीही लागतो. इथे एक बारकावा आहे. पुष्कळ जण मालिकेत रेझिस्टर टाकतात आणि "फरकच पडला नाही" म्हणून कळवतात. फरक पडणार नाहीच. आवाज होतो तो मोटार फिरताना, आणि फिरताना ती इतका थोडा प्रवाह घेते की रेझिस्टरवर जेमतेम काही व्होल्टेज पडतं. ते पडतं मोटार अडून उभी राहिल्यावर, म्हणजे जेव्हा तशीही ती गप्प असते. म्हणून सप्लायच कमी करा, किंवा मोटारीच्या एका तारेत लाल आणि हिरवा असे दोन एलईडी उलटसुलट, एकमेकांना समांतर जोडा. एलईडीवर प्रवाह थोडा असला तरी सुमारे २ व्होल्ट पडतातच, म्हणून मोटार फिरतानाही त्याचा उपयोग होतो. मोटार अडल्यावरचा प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास असतो. एलईडीला तो सोसतो, वेगळा रेझिस्टर लागत नाही, आणि सांधा कोणत्या बाजूला लागला आहे ते पॅनलवर दिसतं. दोन्ही एलईडी हवेतच, एकटा लावाल तर उलट दिशेला मोटार चालणार नाही.

खडूची खूण केलेली जागा सगळ्यात शेवटी. तिथे फळीच्या पोटाला एक आडवी लाकडी पट्टी स्क्रू आणि गोंद दोन्ही लावून बसवा, किंवा मोटारगाडीच्या पत्र्याला आतून लावतात तशी बिटुमेनची जड पत्री चिकटवा. वजन वाढलं की फळी थरथरायला नाखूश होते. पातळ प्लायला आणि निळ्या-गुलाबी फोमच्या बोर्डला हा उपाय फार लागू पडतो. लेआउटच्या पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत जाड कापडाचा पडदा सोडलात तर उरलासुरला आवाज त्यात अडकतो.

प्रश्न : मोटारी संथ जातीच्याच आहेत, पण माझा त्रास वेगळा आहे. सांधा लागून जातो, मोटार थांबते आणि तरी गुणगुण चालूच राहते. रात्रंदिवस, सगळ्याच मोटारींची, एकाच सुरात. सप्लाय म्हणून जुन्या कंट्रोलरची १६ व्होल्ट एसीची बाजू वापरली आहे, दोन डायोड लावून. मोटारी जळतील का?

उत्तर : जळायची भीती कमी आहे, पण कान किटणार हे नक्की. "सगळ्या मोटारी, एकाच सुरात" या चार शब्दांत तुम्ही दोष पकडलाय. वेगवेगळ्या मोटारी एकाच सुरात गात असतील तर सूर मोटारींचा नाही, विजेचा आहे.

दोन डायोडची ही जोडणी जुनी आणि सोपी आहे : एक डायोड एसीची वरची अर्धी लाट सोडतो, दुसरा खालची, आणि स्विचने त्यांतला एक निवडला की मोटार त्या दिशेने फिरते. पण मोटारीला मिळते ती सलग वीज नव्हे, धक्के मिळतात. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ५०, ६० चा असेल तर ६०. फिरती मोटार ते धक्के पचवते. अडून उभी असलेली मोटार मात्र दर धक्क्याला जराशी दबते आणि सुटते, तीच तुमची गुणगुण.

आता एक सावधगिरी. यावर "कपॅसिटर लाव की झालं" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मोटारीच्या दोन टोकांना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मुळीच लावू नका. तिथली ध्रुवता दर वेळी उलटते आणि तो कपॅसिटर फुगून फुटू शकतो. डायोडच्या लगेच पुढे, स्विचच्या आधी, प्रत्येक बाजूला एक असे दोन लावले तर ध्रुवता ठीक राहते, पण दुसरीच अडचण उभी राहते : १६ व्होल्ट एसीचं शिखर २२ व्होल्टच्या वर असतं आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. १२ व्होल्टच्या मोटारीला २२ व्होल्ट! गुणगुण जाईल आणि तिच्या जागी किंचाळी येईल.

माझं ऐकाल तर ती एसीची बाजू सोडून द्या. १२ किंवा ९ व्होल्टचा रेग्युलेटेड डीसी अडॅप्टर घ्या आणि प्रत्येक सांध्याला डबल पोल डबल थ्रो स्विच लावा : मधल्या दोन पायांना मोटार, एका टोकाच्या दोन पायांना सप्लाय, आणि तिथून दुसऱ्या टोकाला तिरक्या ओलांडणाऱ्या दोन तारा. प्रवाहाची काळजी नको, वीस मोटारी एकदम अडून उभ्या राहिल्या तरी एकूण ०.३ अँपिअरच्या आसपास लागतो. एक अँपिअरचा अडॅप्टर पुरून उरतो. व्होल्टेज उतरवायला मात्र स्वस्तातलं पीडब्ल्यूएम मॉड्यूल घेऊ नका. तेही विजेचे तुकडे करूनच देतं आणि त्याची शीळ मोटारीतून ऐकू येते. एलएम३१७ सारखा साधा रेग्युलेटर बरा.

प्रश्न : माझ्याकडे सोलेनॉइडच्या मोटारी आहेत. सांधा बदलताना ठाक्कन आवाज येतो, तो कमी होईल का? शिवाय त्यांतली एक हल्ली बटण सोडल्यावरही घूंऽऽ करत राहते आणि हाताला गरम लागते.

उत्तर : दुसरा प्रश्न आधी. त्या मोटारीची तार आत्ताच काढा आणि बाकीचं मग वाचा. बटण सोडल्यावर घूंऽऽ येतोय म्हणजे बटण आतल्या आत चिकटलंय आणि कॉइलमधून वीज वाहतेच आहे. या कॉइल क्षणभराच्या वापरासाठी गुंडाळलेल्या असतात. काही अँपिअरचा प्रवाह अर्धा सेकंद गेला तर काही होत नाही, अर्धं मिनिट गेला की तारेवरचं इनॅमल करपतं. मी अशा करपलेल्या कॉइल पुष्कळ उघडल्या आहेत, आधी गोडसर जळका वास येतो आणि आतली तार काळी पडलेली असते. बटण बदला. कॉइलचा रोध मीटरने मोजून शेजारच्या कॉइलशी ताडून पाहा. ठळकपणे कमी भरला तर आत वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत, ती मोटार बाद समजा.

आणि कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. ते वीज साठवून एका झटक्यात सोडतं, आणि बटण पुन्हा चिकटलं तरी मागून जेमतेम थेंबभर प्रवाह येतो, त्यामुळे कॉइल वाचते. ठाक्क मात्र जाणार नाही. लोखंडी दांडा टोकाला आपटतो तो आवाज आहे आणि आपटल्याशिवाय ही मोटार काम करत नाही. युनिटमधला कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा असेल तर लहान लावून पाहा. सांधा दर वेळी खात्रीने लागतो अशी सगळ्यात लहान किंमत ठेवा, धक्का तेवढा हलका होतो.

प्रश्न : मी एन गेजवर (एचओपेक्षा लहान मापाच्या रेल्वेवर) काम करते आणि सगळे सांधे छोट्या नऊ ग्रॅमच्या सर्व्होंनी, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटारींनी, चालवते, मागे अर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आहे. काही सर्व्हो सांधा लागल्यावर चिरचिर करत राहतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. गाडी जवळून गेली की वाढतं असं वाटतं. हा भास आहे का?

उत्तर : भास मुळीच नाही, आणि गाडीचं निरीक्षण तर फारच मोलाचं आहे. त्याकडे येते.

सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असेल तर मध्य, साधारण १ आणि २ ही दोन टोकं. सर्व्हो आपल्या आतल्या पोटेन्शिओमीटरकडे पाहतो, आपण सांगितलेल्या जागी आहोत का ते तपासतो, नसलो तर मोटारीला ढुशी देतो. हे सेकंदाला पन्नास वेळा. तुम्ही जागा सांगितली आहे रुळाच्या अर्धा मिलिमीटर पलीकडची, आणि सांधा तर रुळाला टेकून थांबलाय. सर्व्हो बिचारा ढुशा देत राहतो. तीच चिरचिर.

प्लॅस्टिकचा हात सर्व्होवरून काढा आणि तसाच चालवा. गप्प झाला तर भार हेच कारण. मग टोकाची जागा एकेक अंशाने मागे घ्या. सरकता रूळ टेकतो ती जागा, त्याच्या पुढे अगदी थोडं, बस. जोडणीची तार जाड आणि ताठ असेल तर बारीक स्प्रिंगची तार घाला, किंवा असलेल्या तारेला मध्ये इंग्रजी यू सारखं वळण द्या, म्हणजे जास्तीचा दाब त्या वळणात मुरतो. एन गेजचे सरकते रूळ इतके नाजूक असतात की ताठ तारेने त्यांचा डाख निसटलेला मी पाहिला आहे.

हात काढूनही चिरचिर राहिली तर दोष स्पंदात किंवा सप्लायमध्ये आहे. गाडी जवळून गेल्यावर वाढते असं तुम्ही म्हणता, तर तुमचा लेआउट डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर असणार आणि सर्व्होच्या तारा डीसीसीच्या बसबरोबर (लेआउटभर फिरणाऱ्या मुख्य तारांबरोबर) एकाच जुडीत बांधलेल्या असणार. डीसीसीच्या सिग्नलमध्ये १ या बिटाची प्रत्येक अर्धी बाजू फक्त ५८ मायक्रोसेकंदांची असते आणि व्होल्टेज दर वेळी उलटं होतं. असली तीक्ष्ण टोकं शेजारच्या लांब तारेत उमटतात. सर्व्होचा स्पंद त्याने काही मायक्रोसेकंदांनी जरी हलला तरी सर्व्होला वाटतं की जागा बदलायला सांगितली. जुडी सोडवा. सर्व्होच्या तिन्ही तारांना एकत्र पीळ द्या, बसपासून वीतभर दूर न्या, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

सप्लाय अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेतला असेल तर तो आजच बंद करा. छोटा सर्व्हो अडला की एकटाच अर्ध्या अँपिअरच्या घरात ओढतो. दोन अडले की व्होल्टेज कोसळतं आणि बाकीचे थरथरू लागतात. सर्व्होंना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोडा, आणि प्रत्येक तीन-चार सर्व्होंच्या गटाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. गटाजवळ म्हणजे सर्व्होजवळ, अडॅप्टरजवळ नव्हे.

आणि सगळ्यात शांत उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. सांधा लागला, अर्धा सेकंद थांबा, मग डिटॅच ही आज्ञा द्या. स्पंद बंद झाले की साधा ॲनलॉग सर्व्हो पूर्ण मुका होतो. आतली चाकं एवढी कडक असतात की सांधा जागचा हलत नाही. मी माझे सगळे सर्व्हो असेच ठेवते. फक्त तारेचा दाब फार ठेवू नका, नाहीतर मुका झालेला सर्व्हो हळूच मागे सरकतो.

सांधा बदलताना मध्येच एक स्वच्छ "टिक्" येत असेल तर घाबरू नका, फ्रॉगची (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) ध्रुवता बदलणारा मायक्रोस्विच किंवा रिले आहे तो. तो आलाच पाहिजे.

प्रश्न : कुरकुरणाऱ्या मोटारीत गंज सोडवायचा स्प्रे मारला तर चालेल का?

उत्तर : नाही. तो स्प्रे थोड्या वेळात उडून जातो, मागे चिकट थर ठेवतो, त्यावर धूळ बसते, आणि त्यातलं पेट्रोलियम काही प्लॅस्टिकना तडे पाडतं. शिवाय संथ मोटारींच्या पोटात फ्रॉगसाठीचे संपर्क असतात. त्यांच्यावर तेलाचा थर गेला की आवाज जाईल, पण इंजिन प्रत्येक सांध्यावर अडखळेल आणि तुम्ही रूळ घासत बसाल. मोटार उघडता येण्यासारखी असेल आणि खरोखर कोरडी पडली असेल तर प्लॅस्टिकला चालणारं, पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं ग्रीस घ्या. टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच, दात्यांवर लावा. बेअरिंगला सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब, त्याहून जास्त नको. सीलबंद मोटार उघडू नका. नव्या मोटारीचा आवाज वंगणाने जातो असं मला फारसं आढळलेलं नाही, तिथे फळी आणि वीज आधी तपासावी.

प्रश्न : पेको कंपनीचे सांधे आहेत आणि खाली संथ मोटारी. मोटार सुरू होते, दोन सेकंद काहीच होत नाही, आवाज जड होत जातो आणि मग टक्कन सांधा उडतो. एका मोटारीला तर यावर आणखी टिक-टिक-टिक आहे.

उत्तर : पेकोच्या बहुतेक सांध्यांमध्ये थ्रोबारजवळ एक इवलीशी स्प्रिंग असते, सरकत्या रुळांना एका बाजूला धरून ठेवणारी. हाताने किंवा सोलेनॉइडने सांधा चालवणाऱ्यांना ती हवीच. तुमच्या मोटारीच्या मात्र ती आडवी येते : तार वाकत जाते, मोटारीवर भार चढतो म्हणून आवाज जड होतो, आणि स्प्रिंग मध्य ओलांडते तेव्हा सगळा ताण एकदम सुटतो. संथ मोटार स्वतःच दाब धरून ठेवते, तिला त्या स्प्रिंगची गरज नाही. काढून टाका. वरचं छोटं झाकण पातळ पात्याने उचला, स्प्रिंगवर बोट ठेवा आणि मग चिमट्याने सोडवा. बोट आधी ठेवा, कारण ती उडते आणि डोळ्याच्या उंचीवर उडते. चष्मा लावा. काढलेल्या स्प्रिंगा डबीत जपून ठेवा, तोच सांधा पुढे दुसरीकडे लावायचा झाला तर लागतील.

टिक-टिकचं असं करा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, आणि मोटार फिरवा. टिका ठरावीक अंतराने, भराभर येत असतील तर मोटारीजवळच्या पहिल्या चाकाचा दात दुखावलाय. पूर्ण फेरीत एकाच जागी, एकदाच कट्ट होत असेल तर शेवटच्या मोठ्या चाकाचा, किंवा आतला संपर्क एका बाजूवरून दुसरीकडे जातो त्याचा. तो संपर्काचा आवाज दोन्ही दिशांना साधारण मध्यावर येतो आणि निरुपद्रवी असतो. दात तुटलेला असेल तर मोटार बदला. पण त्याआधी स्प्रिंग काढून पाहा, कारण दात्यांवरचा ताण गेला की पुष्कळदा टिक-टिकही जाते.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. बाबांनी आणि मी मिळून लेआउट केलाय. खडी टाकून गोंद सोडेपर्यंत सगळे सांधे छान चालत होते. आता एकच सांधा करकरतो आणि कधीकधी लागतच नाही. मोटार बदलू का?

उत्तर : मोटारीला हात लावू नकोस, बेटा. खडी टाकण्याआधी चांगली होती आणि नंतर बिघडली, तर गुन्हेगार खडीच. मोटारीची तार थ्रोबारपासून सोडव आणि थ्रोबार सुईच्या टोकाने इकडून तिकडे सरकवून बघ. खरखरीत लागला तर त्याच्याखाली किंवा सरकत्या रुळाच्या आणि बाहेरच्या रुळाच्या मध्ये खडीचा कण अडकलाय, नाहीतर पातळ गोंद केशाकर्षणाने थ्रोबारखाली शिरून वाळलाय. पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा थेंब घाल, ड्रॉपरने तिथेच दोन-तीन थेंब सोड, पाव तास थांब आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने मोकळं कर. पाणी मोटारीवर ठिबकू नये म्हणून खालून कापड धर, आणि सगळी वीज बंद करूनच हे कर. पुढच्या सांध्याला खडी टाकताना थ्रोबारच्या खाली-वर आधी तेलाचा एक थेंब फिरव, म्हणजे गोंद तिथे धरत नाही. प्लॅस्टिकला चालणारंच तेल घे. आणि थ्रोबारच्या खाचेत खडी घालूच नको, तिथे नुसता रंग दे.

तू "एकच सांधा" आणि "खडीनंतर" हे दोन्ही लिहिलंस, म्हणून मला घरबसल्या हे सांगता आलं. फार छान पत्र लिहिलंस.

प्रश्न : आवाजाला कंटाळून सगळ्या मोटारी काढून सर्व्हो बसवायचा विचार आहे. तुमचं मत?

उत्तर : आवाजासाठी म्हणून काढू नका. त्याच फळीवर, तसेच स्क्रूने आवळलेले सर्व्होही वाजतील, फक्त घरघरीच्या जागी झर्रकन असा आवाज येईल. शिवाय प्रत्येक सांध्याला नवा कंस, नवी तार, फ्रॉगसाठी वेगळा स्विच आणि सगळ्यांमागे नियंत्रकाची जुळणी, हे काम मोठं आहे. सोलेनॉइडचा ठोका नको असेल आणि रूळ सावकाश सरकताना पाहायचे असतील तर बदल करण्यात अर्थ आहे, ती हौस मला पूर्ण समजते. पण आधी सगळ्यात त्रास देणारी एकच मोटार निवडा. ती रबरी बुशवर घ्या, सप्लाय ९ व्होल्टवर आणा, सांध्यात स्प्रिंग असेल तर काढा, आणि आठवडाभर तिच्याबरोबर गाड्या चालवा. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर मला कोणत्या सांध्याखाली किती जागा आहे ते मोजून कळवा. फळीच्या खालच्या बाजूपासून मिलिमीटरमध्ये लिहा, आडव्या पट्ट्या कुठे येतात तेही लिहा. सर्व्होचा कंस कसा बसवायचा ते पुढच्या सदरात घेईन.